पहिल्या दिवसाची साठ पावलं

इस्पितळाच्या खोलीत एक खाट, एक वॉकर आणि भिंतीवर एक पांढरा फळा होता. खाटेपासून दारापर्यंत चौदा पावलं. फळ्यावर पावलांच्या दोन नोंदी होत्या: मंगळवार साठ, बुधवार नऊ. साठच्या शेजारी डॉक्टरांनी इंग्रजीत ‘फ्लाइंग स्टार्ट’, म्हणजे झोकात सुरुवात, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

खाटेवर बसलेल्या निवृत्त मोजणीदारांनी आपल्या नव्या गुडघ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेला होता. एकाच बांधाची दोन मापं आली की एक चुकलेलं असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

“साठ कुणी मोजली?”

“मीच,” व्यायाम करून घेणारी मुलगी म्हणाली.

“आणि नऊ?”

“तीही मीच, काका.”

“मग रात्रीत पाय बदलला का माझा?”

तेवढ्यात बायकोचा फोन आला. मंगळवारी त्यांनीच तिला ऐटीत सांगितलं होतं, ‘फ्लाइंग स्टार्ट झालाय म्हणे, शनिवारी घरी येतो.’ घर दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. पायऱ्या छत्तीस.

“अहो, शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. आज किती, शंभर?”

“थांब जरा. मापात घोळ आहे.” त्यांनी फोन ठेवला.

“घोळ नाही हो,” मुलगी वॉकर पुढे ओढत म्हणाली. “ऑपरेशनच्या वेळी गुडघ्याला भूल दिली होती. मंगळवारी ती पुरती उतरली नव्हती, दुखणं कळलंच नाही. साठ पावलं भूल चालली. तुम्ही बुधवारी चाललात.”

“डॉक्टरांना ठाऊक होतं हे?”

“ते सगळ्यांच्याच फळ्यावर तसं लिहितात. हुरूप यावा म्हणून.”

मोजणीदारांनी गुडघा चाचपला.

“साठ पूस,” ते म्हणाले. “ते माझं माप नाही.”

तिने साठचा आकडा पुसला. इंग्रजी शब्दांपाशी तिचा हात थांबला. “आणि हे?”

“ते डॉक्टरांचं. त्यांचं ते पुसतील.”

मग त्यांनी बायकोला फोन लावला. “अगं, शनिवारचं कुणाला सांगू नकोस आता. मोजणी नव्याने धरलीय.” पलीकडून ती काही विचारत होती, त्यांनी फोन तसाच चालू उशीवर ठेवला आणि वॉकर धरून उठले.

“मोठ्याने मोज,” ते मुलीला म्हणाले. “तिला ऐकू जाऊ दे.”

गुरुवार: अकरा.