बिनआवाजाची गाडी

समोरच्या हरिओम सरांची गाडी गल्लीतल्या खड्ड्यात खडखडली, की सविता हातातलं काम टाकून, केस सावरत दारात यायची. तिचा नवरा परमेश्वर आतल्या आत जळायचा.

शेवटी तोच सरांना म्हणाला, "सर, तुमच्या गाडीचे बुश गेलेत, म्हणून खडखडती. आणा इकडं, घरीच बदलून देतो."

अख्खा रविवार गाडीखाली झोपून त्यानं झिजलेले रबरी बुश काढले, नवे ठोकून बसवले. सोमवारी गाडी मांजरीच्या पावलानं खड्ड्यातून गेली. परमेश्वरला लय गार वाटलं.

मंगळवारी संध्याकाळी तो कामावरून आला, तर सविता मेथीची जुडी घेऊन उंबऱ्यातच बसलेली.

"कवापासून बसलीस इथं?"

"दुपारपासनं," गल्लीच्या तोंडाकडं बघत ती म्हणाली, "आता आवाज येत न्हाई ना."