चंदनाचा हार

"हार जरा वर घ्या, बाईंचा डोळा झाकतोय!" दिग्दर्शक ओरडला. भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोला चंदनाचा हार चढताना कालिंदीबाई समोरच्या खुर्चीत बसून पाहत होत्या.

तीन पिढ्यांना घाबरवलेल्या एका जुन्या भूतकथेवरचा हा सिनेमा. "आई, भुताचंच काम आहे, म्हणजे मुख्य भूमिका!" असं सांगून मुलाने, निनादने, त्यांना पन्हाळ्यावरच्या या बंगल्यात आणलं होतं. एकेकाळी रंगभूमी गाजवलेल्या बाई हरखून आल्या. इथे आल्यावर कळलं, भूत होऊन वावरणार होती एक तरणी नटी. बाईंचा नुसता फोटो लागणार होता, मेलेल्या मालकीणबाईंचा म्हणून.

शॉट संपला. जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला, की मागाहून त्याच्यावरून नारळ उतरवून टाकायचा आणि त्याच्या तोंडात साखर घालायची, ही या मंडळींची रीत. मेकअपवाली नारळ घेऊन आली, तसा बाईंच्या जिवात जीव आला. आपण जिवंत आहोत, हे कुणाच्या तरी लक्षात होतं तर!

साखर जिभेवर विरघळतेय तोच मागून निनादचा आवाज आला.

"साहेब, शूटिंग आटोपलं की हा फोटो आम्हाला द्याल? आईचा एवढा चांगला फोटो घरात नाही हो. पुढेमागे लागेलच."

दिग्दर्शक अवघडून बाईंकडे बघू लागला. बाईंनी साखर गिळली.

"हारही मागून घे रे," त्या म्हणाल्या. "चंदनाचा आहे. तोवर टिकेल."