बशीतला चहा

दुपारच्या सुट्टीत मेल्विनने टोस्टचा पुडा फोडला आणि पहिल्याच घासाला त्याचे डोळे भरून आले. कॅन्टीनमध्ये कुणी वळूनही पाहिलं नाही. तो टोस्ट खाल्ला की सगळ्यांचंच असं होई.

"आई आठवली," तो समोर बसलेल्या सुनेत्राबाईंना म्हणाला. "मी तापाने फणफणलेलो. ती बशीतला चहा फुंकून गार करायची आणि त्यात टोस्ट बुडवून मला भरवायची. तिच्या मनगटावर भाजल्याचा डाग होता."

हा डाग सुनेत्राबाईंना बसमधल्या बाईने सांगितला होता, दूधवाल्याने सांगितला होता, सख्ख्या जावेनेही सांगितला होता. ती आई त्यांची होती. कंपनीला खरीखुरी जुनी आठवण हवी होती आणि त्यांनी ती विकली होती. ती त्यांच्या डोक्यातून काढून टोस्टात घातली गेली. "तुम्हाला काय, पुडा घेतला की परत मिळेल," कंपनीचा माणूस हसून म्हणाला होता. तसे कितीतरी पुडे त्यांनी संपवले. त्यांना फक्त मैद्याची आणि वेलचीची चव लागे.

समोरचा चहा निवून गेला होता. उठायचंही त्यांच्या जिवावर आलं.

"गंमत म्हणजे," मेल्विन नाक पुसत म्हणाला, "मी मुलगा असून ती मला ठमे म्हणायची."

सुनेत्राबाईंनी पुडा त्याच्यापुढे सरकवला.

"अजून एक खा," त्या म्हणाल्या. "आणि कशी म्हणायची, ते तिच्या आवाजात म्हणून दाखव."