तासाची कडी

"ती कडी काढूनच टाका," साहेब म्हणाले. पाणबुड्यांच्या महागड्या घड्याळाचं पुढचं मॉडेल ठरत होतं. पाण्यात उतरताना तबकडीभोवतीची ही कडी फिरवून ठेवली, की खाली किती वेळ झाला ते तासाभरापर्यंत कळतं. पण एवढं महाग घड्याळ घालून आता पाण्यात उतरतंय कोण? डिझायनरने मान डोलावली खरी, पण मनाला चैन पडेना. "निघालो," असा घरी फोन करून तो बाहेर पडला. वाटेत ट्रॅफिक तुंबलं, फोनची बॅटरीही संपली.

घरी बाबा दुखरे गुडघे घेऊन गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. जन्मभर पाणबुड्याचं काम केलेल्या त्या मनगटावर तेच घड्याळ होतं, जुनं. कडी फिरवलेली.

"बाबा, आता कोण उतरलंय पाण्यात?"

"तू निघालो म्हणालास, की लावतो. बोटीवर थांबणाऱ्यानेही लावायची असते."



मग हळूच म्हणाले, "नवीन करताय तर हिला तासाच्या पुढचंही मोजता येऊ दे. आज तास उलटला, आणि पुढे काय करायचं तेच मला सुचेना."