बिस्किट नेईल तिकडे

“साहेब, घोडा बाहेर ठेवा.”

आवाज ओळखीचा नव्हता. मर्ल दारातच थांबला. बिस्किट त्याच्याआधीच थांबला होता. त्याच्या पाठीवरच्या पट्ट्याची ताठ मूठ मर्लच्या हातात होती. मोठ्या कुत्र्याएवढा, पायांत लहान मुलांचे रबरी बूट घातलेला तो तांबूस घोडा अगदी स्तब्ध उभा राहिला.

“तो कामावर आहे,” मर्ल म्हणाला.

हॉटेल विकलं गेल्याचं मर्लच्या कानावर आलं होतं. हा नवा मालक, ओमाहा शहरातून आलेला कर्टिस. तो तसा अदबीनेच बोलत होता. इथे लोक जेवतात, कुत्रा असता तर गोष्ट वेगळी, पण आज घोडा आत घेतला तर उद्या कोणी गाय घेऊन येईल, असं त्याचं म्हणणं.

तेवढ्यात लव्हर्न आली. याच हॉटेलात टेबलं सांभाळता सांभाळता ती म्हातारी झाली होती. एवढ्याशा घोड्यालाही कायद्यात अपंगांच्या मदतनीस कुत्र्यासारखीच आत यायची मुभा आहे, तिने मालकाला ऐकवलं. तुम्ही दोन प्रश्न विचारू शकता, कागद मागू शकत नाही.

“मग विचारतो,” कर्टिस म्हणाला. “अपंगत्वामुळे हा तुम्हाला लागतो का?”

मर्लने बिस्किटच्या मानेवर हात ठेवला. “याच्याशिवाय मी आज इथवर आलोच नसतो.”

“आणि त्याला काम काय शिकवलंय?”

“ज्याला दिसत नाही त्याला वाट दाखवायचं.”

कर्टिस बाजूला झाला. काउंटरवर मक्याच्या भावावरून चाललेला गावातल्या म्हाताऱ्यांचा वाद एकाएकी बंद पडला होता. त्यांच्यातलं कोणीच मर्लशी बोललं नाही.

बिस्किट न सांगता खिडकीजवळच्या टेबलाकडे वळला. ते अर्डिसचं आवडतं टेबल. ऊन आधी गालावर येतं, मग हळूहळू हातावर उतरतं, असं ती सांगायची. आज ते तसंच उतरलं. संसाराची सगळी वर्षं ती समोर बसून अशा बारीकसारीक गोष्टी सांगत राहिली आणि तो मान डोलावत अर्धंच ऐकत राहिला. आता तिने नुसतं कॉफी गार झाली म्हणून कुरकुर केली असती तरी त्याने कानात प्राण आणून ऐकलं असतं.

हिवाळ्यात अर्डिस गेली आणि दोघांचंही खाणं सुटलं. मर्ल घराबाहेर पडेना. बिस्किट रोज सकाळी दाराकडे तोंड करून उभा राहायचा आणि चाऱ्याला तोंड लावायचा नाही. बरगड्या हाताला लागायला लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, “याला काम हवंय. नाहीतर हा झुरून मरेल.”

लव्हर्नने कॉफी आणि दालचिनीचा गरम रोल आणून ठेवला. मर्लने कप चाचपला आणि तो कलंडला. अर्डिसच्या हातून कधी थेंबसुद्धा सांडला नव्हता. लव्हर्न टेबल पुसू लागली.

“बघ, नाटकं,” शेजारच्या टेबलावरून एक बाई म्हणाली. हायवेवरून जाता जाता जेवायला थांबलेलं ते जोडपं होतं. बाई नवऱ्याशी बोलत होती, पण साऱ्या हॉटेलाला ऐकू जावं अशा बेताने. आंधळ्यांना कुत्रे असतात. ही हौस आहे, घरचं लाडाचं जनावर. काळा चष्मा लावला की कुठेही मिरवायला मोकळे.

लव्हर्न वळली. “त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?”

काउंटरवर कोणीतरी हसलं आणि ते हसू खोकल्यात दडवलं. बाई मात्र हसली नाही. तिचा आवाज खाली आला.

“माझा भाऊ जन्मापासून आंधळा आहे. कुत्रा घेऊन फिरतो. तरी त्याला दारोदार अडवतात, उलटतपासणी घेतात. कारण त्याच्याआधी कोणीतरी येऊन फसवून गेलेलं असतं.”

मर्लने हातातला रोल ताटलीत ठेवला.

“तुमचं बरोबर आहे, बाई,” तो म्हणाला.

बाईला बहुधा भांडणाची अपेक्षा होती. मर्ल उठला तेव्हा तिने आपली खुर्ची घाईघाईने ओढून त्याला वाट करून दिली, त्याच्या बाहीला हात लावला आणि आपण असं बोलायला नको होतं, असं ती पुटपुटली. ते त्याला तिच्या टोमण्यांहून जड गेलं.

कर्टिसने दार धरलं. उद्या या, टेबल राखून ठेवतो, म्हणाला. मर्लने मान हलवली. उद्यापासून आम्ही आत येणार नाही. दारापर्यंत येऊन परत फिरू. बिस्किटला चालायला मिळालं की झालं.

लव्हर्न त्यांच्यामागून पायरीपर्यंत आली आणि तिने मर्लचा हात दाबला. “अर्डिसला आवडलं असतं,” एवढंच ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर बिस्किटची चालच बदलली होती. रबरी बुटांचा ठेका दमदार पडत होता. रुळांशी तो थांबला, कान देऊन उभा राहिला, मग निघाला. रस्त्यात कोणीतरी टाकलेली सायकल आली तेव्हा तो मर्लला अलगद वळसा घालून घेऊन गेला. मर्ल एकदाही कचरला नाही. कचरला असता तर मुठीतून ते बिस्किटला लगेच कळलं असतं.

घरी आल्यावर मर्लने त्याचा पट्टा सोडला, बूट काढले आणि पुढ्यात गवत टाकलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग चावण्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा सुरू झाला आणि चालूच राहिला. मर्ल गोठ्याच्या चौकटीला टेकून तो ऐकत राहिला. त्याचे गाल ओले झाले होते.

मग त्याने काळा चष्मा काढला, सकाळपासून घट्ट मिटून धरलेले डोळे उघडले आणि पिकअप चालवत तो एकटाच दफनभूमीकडे निघाला, तुला वाट दाखवणारा तुझा बिस्किट आज जेवला, हे अर्डिसला सांगायला.