पुढच्या सीटवरच्या चपला

"ह्यांना इथे एकटं टाकून मी ब्रिस्टलला येणार नाही. तुम्ही दोघं जा," असं म्हणून गिरिजाबाई स्वयंपाकघरात उरलेल्या एकुलत्या एक खुर्चीवर जाऊन बसल्या.

'हे' म्हणजे सुभाषराव. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. लंडनमधलं वेम्बलीचं घर विकलं होतं, सामानाची व्हॅन सकाळीच पुढे गेली होती आणि दुपारी एजंटला किल्ल्या द्यायच्या होत्या. मुलाची, पुष्करची, नवी नोकरी ब्रिस्टलला, विमानांच्या कंपनीत. सगळं ठरलेलं. आणि ऐनवेळी बाईंनी बैठा सत्याग्रह सुरू केला.

"आई, प्लीज. बाबा आता कुठेच नाहीयेत," पुष्कर म्हणाला. वर्षभर तो एवढंच म्हणत होता. बाबांविषयी याहून जास्त एक शब्द त्याच्या तोंडून निघाला नव्हता.

सून अनुया मात्र सासूच्या पायाशी जमिनीवर बसली. ती जुन्या रशियन लोकांच्या घरांवर पीएचडी करत होती. सुभाषराव होते तेव्हा रोज चहाला विचारायचे, "काय म्हणतायत तुझे रशियन?"

"आई, घर बदलताना त्या लोकांचंही असंच व्हायचं," ती म्हणाली. "ते मानायचे, की घराचा एक म्हातारा असतो, चुलीमागे राहतो. कुणी म्हणे, तो घरातला पूर्वजच. हजार वर्षांपूर्वी त्यांच्या राजाने सगळ्यांना ख्रिस्ती केलं, जुना देव नदीत ढकलला. पण हा म्हातारा काही कुणी सोडला नाही. घर बदललं की त्याला बरोबर न्यायचे. कुठे चुलीतले निखारे मडक्यात भरून, तर कुठे चक्क जुन्या जोड्यात बसवून."

"जोड्यात? अगं बाई! हे सहा फुटी माणूस!" गिरिजाबाईंना हसू आलं. मग हळूच त्यांनी विचारलं, "आणि येतो तो?"

"बोलावलं तर येतो. घरच्यांनी तोंडाने म्हणायचं, आजोबा, चला आमच्याबरोबर. तसं कुणी म्हटलं नाही तर मागे राहतो आणि रिकाम्या घरात रडत बसतो."

गिरिजाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "तू म्हण रे, पुष्कर. माझं कधी ऐकलंय ह्यांनी? गाडीत बेल्ट लावा म्हणून मी घसा कोरडा करायचे. तू दम दिलास की मुकाट लावायचे."

"आई, मी इंजिनीअर आहे. हवेशी बोलायला मला जमणार नाही." तो किल्ल्या घेऊन बाहेर गेला. जरा जास्तच घाईने गेला.

मागच्या दाराशी सुभाषरावांच्या बागेत घालायच्या चपला अजून तशाच होत्या. पॅकिंग करताना त्यांना हात लावायचा कुणाला धीरच झाला नव्हता. गिरिजाबाई उठल्या. कार्डिगनच्या बाहीने त्यांनी चपलांवरची माती पुसली आणि त्या घेऊन गाडीपाशी आल्या. चपला पुढच्या सीटवर नीट जोडून ठेवल्या. स्वतः मागे बसल्या, पण त्यांनी दार लावून घेतलं नाही. एक पाय बाहेरच होता. अनुया पलीकडून येऊन शेजारी बसली.

एजंटला किल्ल्या देऊन पुष्कर आला. त्याने चपला पाहिल्या. मग आरशात आईचा चेहरा पाहिला. ती वाट बघत होती. त्याने गाडी सुरू केली. परत बंद केली.

मग तो वाकला. पुढच्या सीटचा बेल्ट त्याने ओढला, चपलांवरून आणला आणि खट्कन लावला.

"बाबा," तो म्हणाला. "बेल्ट लावल्याशिवाय गाडी निघणार नाही, कितीदा सांगायचं तुम्हाला?"

गिरिजाबाईंनी पाय आत घेतला आणि दार ओढून लावलं.