तिसरं विद्यापीठ

कॉम्प्युटर सायन्ससाठी तीन विद्यापीठं मला घ्यायला तयार होती आणि मी त्यातलं सगळ्यात सुमार बघायला निघाले, तेव्हा बाबांनी कपाळावर हात मारला. "डोकं ठिकाणावर आहे ना?" आई तेवढी माझ्यासोबत आली. ती तिथंच शिकली होती. तिथल्याच एका सरांनी तिचा प्रोग्राम स्वतःच्या नावावर खपवला होता, आणि तिनं तोंड उघडल्यावर तिलाच खोटं पाडून घरी बसवलं होतं. आज सभागृह पालकांनी भरलं होतं. सर भल्यामोठ्या पडद्यावर तोच प्रोग्राम मिरवत होते. "नाव आणि गुण टाका, कुठली शाखा झेपेल ते हा सांगतो. तरुणपणी लिहिला मी, अजून एक ओळ बदलावी लागली नाही!" टाळ्या पडल्या. "कोण येतंय?" मी तीरासारखी व्यासपीठावर गेले. "टाक नाव, बाळ." मी आईचं माहेरचं लाडाचं नाव टाकलं, ठमी. पडद्यावर हातभर अक्षरं उमटली: 'हे ठमीनं लिहिलंय. चोर शेजारीच उभा असेल.' तेव्हा विद्यापीठ सोडता सोडता आईनं ही ओळ आत पेरून ठेवली होती, आणि सरांनी आपला म्हणवलेला प्रोग्राम कधी उघडून वाचलाच नव्हता. आता ते कीबोर्ड बडवत राहिले, अक्षरं हलेनात. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, मग अख्खं सभागृह. मी खाली उतरले, तर आई पर्स खांद्याला लावून तयारच. "चल गं," ती म्हणाली, "आता चांगलं विद्यापीठ बघू."